प्रभूच्या प्रार्थनेतील ‘रोजची भाकर’ : मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ याचा नेमका अर्थ काय?

मननशील (प्रश्न)

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील अकरावे वचन, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’, मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. या वचनातील ‘रोजची’ या शब्दाच्या जागी मूळ ग्रीक संहितेत ‘एपिऊसिओस’ हे विशेषण असून त्याच्या अर्थाबद्दल पहिल्या काही शतकांपासूनच एकमत नव्हते, असे माझ्या वाचनात आले. लॅटिन भाषांतरात तर हाच शब्द मत्तयात एका तऱ्हेने आणि लूकात दुसऱ्या तऱ्हेने भाषांतरित केलेला आहे, आणि तोही एकाच भाषांतरकाराच्या हातून.

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला असा की, ‘रोजची’ हा अर्थ या शब्दाच्या घडणीतून निघतो, की पूर्वापार चालत आलेल्या भाषांतरांच्या आधारावरच तो उभा आहे? दुसरा असा की, ‘उद्याची भाकर’ आणि ‘सत्त्वापलीकडची भाकर’ असे जे पर्यायी अर्थ सांगितले जातात, त्यांना व्याकरणाचा कितपत पाठिंबा आहे? तिसरा प्रश्न ईजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसाविषयी आहे. त्यावरील घरखर्चाच्या यादीत हा शब्द आढळल्याचे काही जुन्या भाष्यांत ठामपणे लिहिलेले असते आणि नव्या भाष्यांत मात्र त्याचा उल्लेख गाळलेला दिसतो. यातले खरे काय?

मला ग्रीक लिपी वाचता येते, परंतु व्याकरणाचा अभ्यास वरवरचाच आहे. त्यामुळे उत्तरे थोडी विस्ताराने दिली तरी चालतील.

धातुपाठ

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण दोन्हींचा उगम एकाच अडचणीत आहे. ‘एपिऊसिओस’ हा शब्द मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोन ठिकाणी आणि ‘दिदाखे’ नावाच्या प्राचीन ख्रिस्ती मार्गदर्शिकेच्या आठव्या प्रकरणात येतो. तिन्ही ठिकाणी प्रार्थना तीच आहे. त्यानंतर जिथे जिथे तो दिसतो, तिथे लेखक या प्रार्थनेविषयीच बोलत असतो. म्हणजे या शब्दाचा अर्थ पडताळून पाहण्यासाठी प्रार्थनेबाहेरचे एकही स्वतंत्र वाक्य आपल्याजवळ नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने आपल्या प्रार्थनेवरील ग्रंथात हीच तक्रार केली आहे. हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात आढळतो ना सामान्य लोकांच्या बोलण्यात, तेव्हा तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे तो म्हणतो. ग्रीक ही ओरिगेनची स्वतःची भाषा होती आणि त्याचे वाचन अफाट होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्याच्या या विधानाचे वजन कळते.

वापर उपलब्ध नसला की घडणीकडे वळावे लागते. शब्दाच्या आरंभी ‘एपि’ हा उपसर्ग आहे, यावर सर्वांचे एकमत आहे. तो आपल्या ‘अपि’चा सगोत्र आहे. वाद आहे तो पुढच्या भागाबद्दल. तो भाग ‘असणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, की ‘जाणे, येणे’ या अर्थाच्या धातूपासून? संस्कृत जाणणाऱ्याला हे चटकन समजेल, कारण यांतला पहिला धातू म्हणजे आपला ‘अस्’ आणि दुसरा म्हणजे आपला ‘इ’. ग्रीकमध्ये या दोन्ही धातूंची वर्तमानकालवाचक कृदंते स्त्रीलिंगात जवळजवळ सारखीच होतात, एकाचे ‘ऊसा’ आणि दुसऱ्याचे ‘इऊसा’. ‘एपि’ उपसर्ग लागल्यावर त्यांच्यातला फरक एका ‘इ’काराच्या मालकीवर येऊन ठेपतो.

पहिल्या मताप्रमाणे ‘अस्’शी सगोत्र असलेल्या धातूवरून ‘ऊसिआ’, म्हणजे सत्त्व, अस्तित्व किंवा मूलद्रव्य, हे नाम झाले आणि त्याला ‘एपि’ लागून विशेषण बनले. त्यातून दोन अर्थ काढले जातात. एक साधा : अस्तित्व टिकवण्यास आवश्यक असलेली, निर्वाहाची भाकर. दुसरा तत्त्वज्ञानाच्या अंगाने जाणारा : सत्त्वाला पोसणारी किंवा सर्व सत्त्वांच्या वरची भाकर. ओरिगेनचा कल या दुसऱ्या अर्थाकडे आहे. आपल्या समर्थनार्थ तो ‘पेरिऊसिओस’ या शब्दाचा दाखला देतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, निर्गम १९:५ मध्ये, देवाच्या खास स्वतःच्या प्रजेसाठी हा शब्द आला आहे, आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या २:१४ मध्येही तो आहे.

हा दाखला वरवर आकर्षक असला तरी मला तो लंगडा वाटतो. ग्रीकमध्ये ‘पेरि’ या उपसर्गाचा शेवटचा इकार पुढे स्वर आला तरी टिकून राहतो, ‘एपि’चा मात्र सहसा गळतो. संस्कृतात ‘अति’ आणि ‘अंत’ यांचा संधी होताना इकाराचा यकार होतो. ग्रीकमध्ये तो सरळ लोप पावतो. याकोबाच्या पत्रात २:१५ येथे दिवसाच्या अन्नासाठी ‘एफेमेरोस’ हा शब्द आहे. त्यात ‘एपि’ आणि दिवसवाचक ‘हेमेरा’ एकत्र आले, इकार गेला आणि हकारामुळे ‘प’चा ‘फ’ झाला. याच नियमाने ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ यांपासून ‘एपूसिओस’ व्हायला हवे होते. उत्तरकालीन तत्त्वज्ञांच्या लेखनात ‘ऊसिआ’लाच ‘एपि’ लावून केलेला ‘एपूसिओदेस’ असा शब्द खरोखर आढळतो, आणि त्यात इकार नाही.

याला अपवाद आहेत, हे मान्य केले पाहिजे. ‘सौम्य, समंजस’ या अर्थाच्या ‘एपिएइकेस’ या शब्दात इकार टिकला आहे. पण तिथे पुढच्या स्वराआधी पूर्वी ‘व’सारखे एक व्यंजन उच्चारले जात असे, ते कालांतराने नाहीसे झाले आणि इकार मागे राहिला. अपवाद आहेत म्हणून पहिले मत अशक्य ठरत नाही; मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी ते मांडणाऱ्यांवर येते.

दुसऱ्या मताप्रमाणे ‘इ’शी सगोत्र असलेल्या धातूला ‘एपि’ लागला. यात उपसर्गाचा इकार नियमाप्रमाणे गळतो आणि शब्दात दिसणारा इकार हा धातूचा स्वतःचा असतो, त्यामुळे कोणताही अपवाद मानावा लागत नाही. ‘एपिऊसा’ म्हणजे ‘येणारी’, आणि दिवसवाचक नाम स्त्रीलिंगी असल्याने ‘एपिऊसा हेमेरा’ म्हणजे ‘येता दिवस’. हा प्रयोग ग्रीकमध्ये सर्रास होतो. प्रेषितांच्या कृत्यांत ७:२६, १६:११, २०:१५ आणि २१:१८ या ठिकाणी तो दिवसासाठी आहे आणि २३:११ मध्ये रात्रीसाठी. नीतिसूत्रे २७:१ च्या ग्रीक भाषांतरात तर ‘दिवस’ हा शब्द गाळून नुसते ‘एपिऊसा’ म्हटले आहे : उद्याच्या गोष्टींची फुशारकी मारू नकोस, कारण ‘एपिऊसा’ काय प्रसवेल हे तुला ठाऊक नाही. एखादे कृदंत एकट्यानेच ‘येता दिवस’ हा अर्थ देऊ लागले की त्याला ‘इओस’ हा प्रत्यय लावून विशेषण करणे ग्रीक माणसाला जड नव्हते. ‘स्वेच्छेने करणारी’ या अर्थाच्या ‘हेकूसा’वरून ‘हेकूसिओस’ झालेलेच आहे, आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या वचनात ते वापरलेही आहे.

तेव्हा घडणीच्या दृष्टीने माझा कौल ‘येत्या दिवसाची’ या अर्थाला आहे. ‘रोजची’ हा अर्थ दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने सरळ निघत नाही. शुभवर्तमानकाराला ‘रोजची’ असेच म्हणायचे असते, तर वर सांगितलेला ‘एफेमेरोस’ हाताशी होता, आणि प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये विधवांना दररोज होणाऱ्या वाटपासाठी आलेला ‘काथेमेरिनोस’ही होता. दोन सरळ शब्द समोर असताना कोणी तिसरा, अनोळखी शब्द का घडवील, याचे उत्तर ‘रोजची’ म्हणणाऱ्यांनी द्यायचे आहे.

जुनीपोथी

धातुपाठ यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, परंतु पहिल्या शतकांतील भाषांतरकार व्युत्पत्तीचे कोष्टक समोर ठेवून बसले नव्हते. ही प्रार्थना ते तोंडी म्हणत होते, आणि प्रत्येकाने आपल्या परंपरेत रुळलेला अर्थ लिहिला. त्यांची साक्ष वेगळी काढून पाहायला हवी.

लॅटिनचा प्रकार असा आहे. जेरोमच्या आधीच्या लॅटिन भाषांतरांत ‘कोतिदिआनुम’, म्हणजे ‘दररोजची’, हा शब्द होता. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांच्या लॅटिन पाठाची दुरुस्ती केली, तेव्हा त्याने लूकात जुना शब्द तसाच राहू दिला आणि मत्तयात मात्र ‘सुपरसुब्स्तान्तिआलेम’ असा नवा शब्द घातला. तो ग्रीक शब्दाचा अवयवशः अनुवाद आहे : ‘एपि’साठी ‘सुपर’, ‘ऊसिआ’साठी ‘सुब्स्तान्तिआ’. मौज अशी की, रोमन उपासनेत म्हटली जाणारी प्रार्थना मत्तयाच्या पाठावर आधारलेली असूनही तिथे जेरोमचा शब्द कधी रुजला नाही. लोक ‘कोतिदिआनुम’च म्हणत राहिले. पश्चिम युरोपातील बहुतेक भाषांना ‘रोजची’ हा अर्थ मिळाला तो या उपासनेतून. इंग्रजीत टिंडलने १५२६ साली तोच घेतला आणि जर्मनमध्ये लूथरनेही. उलट ‘व्हल्गेट’ या जेरोमच्या लॅटिन बायबलावरून इंग्रजीत आणलेल्या १५८२ च्या ऱ्हीम्स येथील नव्या करारात मत्तयाच्या वचनात जेरोमचा अवजड शब्द जसाच्या तसा इंग्रजी पेहरावात दिसतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : ‘रोजची’ हा परंपरेचा अर्थ आहे, पण ती परंपरा जेरोमहून जुनी आहे, आणि निव्वळ अज्ञानातून ती निर्माण झाली असे समजण्याचे कारण नाही.

याच जेरोमने मत्तयावरील भाष्यात एक अमूल्य नोंद करून ठेवली आहे. ‘इब्र्यांचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आज उपलब्ध नसलेल्या ग्रंथात या जागी आपल्याला ‘माहार’ हा शब्द आढळला आणि त्याचा अर्थ ‘उद्याची’ असा होतो, असे तो लिहितो. या नोंदीच्या आधारे अनेक अभ्यासकांनी, विशेषतः योआखिम येरेमियास यांनी, येशूच्या मूळ अरामी वाक्यात ‘उद्याची भाकर’ असेच होते असे मानले, आणि तो ‘उद्या’ म्हणजे देवाच्या राज्याचा येणारा दिवस, अशी मांडणी केली. त्यांचा युक्तिवाद असा की, इब्री वाचकांसाठी लिहिणारा लेखक शुभवर्तमान ग्रीकमधून आणत असला, तरी रोज तोंडात असलेल्या प्रार्थनेपाशी येताच तो भाषांतर थांबवून पाठ असलेले शब्दच लिहील.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. अरामीच्याच एका शाखेत, सिरियाकमध्ये, शुभवर्तमानांची प्राचीन भाषांतरे आहेत आणि त्यांत ‘उद्याची’ हा अर्थ नाही. सर्वांत जुन्या सिरियाक भाषांतरात ‘आमीना’, म्हणजे ‘अखंड, सतत मिळणारी’, असा शब्द आहे, तर पुढे प्रमाण ठरलेल्या पेशित्तात ‘आमच्या गरजेची’ असे म्हटले आहे. प्रार्थनेचे मूळ अरामी शब्द तोंडी परंपरेने टिकले होते असे धरले, तर ते सिरियाक मंडळींपर्यंत का पोहोचले नाहीत? येरेमियास यांच्या मांडणीत मला याचे समाधान सापडत नाही. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या गॉथिक भाषांतरातही ‘सतत मिळणारी’ असाच अर्थ आहे. ईजिप्तच्या कॉप्टिक भाषेच्या बोलींपैकी बोहैरिकमध्ये ‘उद्याची’ आणि साहिदिकमध्ये ‘येणारी’ आहे. ही साक्ष मात्र वजनदार मानली पाहिजे, कारण ईजिप्तमधील हे भाषांतरकार ग्रीकच्या नित्य सहवासात होते आणि त्यांनी शब्दात ‘येणे’ हाच धातू ऐकला होता.

स्लाव्ह भाषांनी जेरोमच्या मत्तयातल्या वाटेनेच जाऊन ‘वर’ या अर्थाचा ‘ना’ आणि ‘असणे’ या धातूचे कृदंत यांपासून ‘नासुश्नी’ असा शब्द घडवला. आजच्या रशियनमध्ये त्याला ‘अत्यावश्यक, निकडीचा’ असा अर्थ आला आहे, आणि वर्तमानपत्रांत निकडीच्या समस्यांसाठीही तो सर्रास वापरला जातो. प्रार्थनेतला एक दुर्बोध शब्द बाजारात कसा उतरतो याचा हा नमुना म्हणून सांगितला. मूळ अर्थाच्या निर्णयाला त्याचा उपयोग नाही.

साक्षेपी

पपायरसाचा प्रश्न मागे राहिला आहे, त्याचे उत्तर देतो.

पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पीट्री यांना ईजिप्तमधील फैयूम भागात, हवारा येथील उत्खननात पपायरसांचे तुकडे मिळाले आणि त्यांचा वृत्तान्त १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ग्रीक मजकुराचे वाचन आर्चिबाल्ड सेस यांनी केले होते. एका तुकड्यावर घरखर्चाची यादी होती, पदार्थ आणि त्यापुढे रक्कम अशा स्वरूपाची, आणि तिच्यातल्या एका ओळीत सेस यांना ‘एपिऊसि’ एवढी अक्षरे दिसली. पुढचा भाग तुटलेला होता. त्या वेळी याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अभ्यासकांनी ती ओळ हेरली आणि एकदम खळबळ उडाली, कारण ओरिगेनला न सापडलेला शब्द चक्क किराणा हिशेबात सापडला होता. लॅटिनमध्ये ‘दिआरिआ’ म्हणजे मजुराला किंवा सैनिकाला दिवसाकाठी मिळणारा शिधा. ‘एपिऊसिआ’ हा त्याचाच ग्रीक प्रतिशब्द असणार, असे मानले गेले आणि ‘रोजची’ या अर्थाला अचानक भक्कम पुरावा मिळाल्यासारखे झाले. जुन्या भाष्यांत तुम्हाला जो ठामपणा दिसला तो याच काळातला आहे.

अडचण अशी होती की पपायरस नंतर सापडेना. सेस यांचे वाचन पुन्हा तपासण्याचा मार्गच राहिला नाही, आणि अक्षरवाचनात ते फारसे काटेकोर नव्हते, ही गोष्ट जाणकारांना माहीत होती. नव्या कराराचे अभ्यासक ब्रूस मेट्झगर यांनी १९५० च्या दशकात या साऱ्या प्रकरणाकडे लक्ष वेधून सावधगिरीचा इशारा दिला होता. पुढे १९९८ साली तो पपायरस अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेके ग्रंथालयात असल्याचे उघड झाले. निजमन आणि वॉर्प या दोन पपायरसतज्ज्ञांनी ती ओळ नव्याने वाचून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : तिथे ‘एलाइऊ’ असा शब्द आहे. ‘एलाइऊ’ म्हणजे ‘तेलाचे’. घरखर्चाच्या यादीत तेल असावे यात नवल काहीच नाही.

म्हणजे आपण पुन्हा ओरिगेनपाशी येऊन पोहोचतो. नवी भाष्ये हा पुरावा गाळतात ते यामुळे. एखाद्या जुन्या कोशात अजून तो दिसला तर ती आवृत्ती १९९९ च्या आधीची आहे असे समजावे. ‘दिआरिआ’शी घातलेली सांगडही या वाचनावरच उभी असल्याने तीही आता बाजूला ठेवावी लागते.

मननशील

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. पपायरसाविषयीचा उलगडा माझ्यासाठी सर्वस्वी नवा आहे.

धातुपाठ यांना एक शंका विचारावीशी वाटते. ‘येत्या दिवसाची’ म्हणजे व्यवहारात ‘उद्याची’ असे धरले, तर याच अध्यायाच्या चौतिसाव्या वचनाशी त्याचा मेळ कसा बसवायचा? तिथे उद्याची चिंता करू नका, असे स्पष्ट सांगितले आहे. अकराव्या वचनात उद्याची भाकर आजच मागायला शिकवायचे आणि तेवीस वचनांनंतर उद्याचा विचारच करू नका म्हणायचे, हे एकाच प्रवचनात विसंगत दिसते. शिवाय वाळवंटात इस्राएल लोकांना मिळालेल्या मान्न्याची आठवण या मागणीमागे असेल, तर निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात दुसऱ्या दिवसासाठी साठवलेल्या मान्न्यात किडे पडले होते.

धातुपाठ

ही शंका जुनी आहे आणि रास्तही आहे. जॉन क्रिसोस्तोम यांच्यासारख्या ग्रीकभाषक भाष्यकाराने ही मागणी केवळ एका दिवसापुरत्या अन्नाची आहे असे जे समजावले, त्यामागे हेच चौतिसावे वचन होते. पण ‘येता दिवस’ आणि ‘उद्या’ हे प्रत्येक वेळी एकच असतात, हे गृहीतक तपासून पाहायला हवे.

चौतिसाव्या वचनात ‘उद्या’साठी ‘आउरिऑन’ हा नेहमीचा शब्द आहे. मत्तयाला प्रार्थनेतही ‘उद्याची’ असेच म्हणायचे असते तर त्याच शब्दाच्या आधाराने ते म्हणता आले असते. ‘एपिऊसा’चा अर्थ बोलणारा कोणत्या घटकेला बोलतो आहे त्यावर ठरतो, जसे आपण ‘येत्या रविवारी’ म्हणतो तेव्हा तो रविवार किती दूर आहे हे आजच्या वारावर अवलंबून असते. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात याचे सुरेख उदाहरण आहे. प्रसंग तुरुंगातला आणि वेळ पहाट उजाडण्यापूर्वीची. डेलोसहून येणारे जहाज पोहोचले की दुसऱ्या दिवशी सॉक्रेटिसला मृत्युदंड द्यायचा आहे. जहाज आज येईल असे क्रिटोला वाटते. त्यावर सॉक्रेटिस म्हणतो की ते ‘एपिऊसा’ दिवशी येणार नाही, त्याच्या पुढच्या दिवशी येईल. इथे ‘एपिऊसा’ म्हणजे जो उजाडण्याच्या बेतात आहे तो दिवस, अर्थात ‘आज’. सूर्योदयाआधी बोलणाऱ्याला येता दिवस हा आजचाच असतो. रात्री बोलणाऱ्याला तो उद्याचा. ‘दिदाखे’त ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. तेव्हा सकाळी म्हणताना समोरच्या दिवसाचे आणि संध्याकाळी म्हणताना दुसऱ्या दिवसाचे अन्न मागितले जाते, आणि दोन्ही वेळा शब्द बदलावा लागत नाही. बायबलचे अभ्यासक लाइटफूट यांनी १८७१ साली या शब्दावर जे सविस्तर टिपण लिहिले, त्यातही भर याच मुद्द्यावर आहे, आणि त्यानंतर या बाजूने त्याहून चांगली मांडणी मी तरी वाचलेली नाही.

मान्न्याविषयी म्हणाल, तर त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि शब्बाथासाठी राखलेल्या त्या मान्न्यात किडे पडले नाहीत. पण मी या दाखल्यावर फार भिस्त ठेवणार नाही. ‘एपिऊसिओस’ हा शब्द त्या अध्यायाच्या ग्रीक भाषांतरात कुठेच नाही. तिथे ‘त्या त्या दिवसाचे त्या त्या दिवशी’ अशा अर्थाची वेगळीच रचना आहे. विषयाचे साम्य आहे, शब्दाचे नाही.

चिंता करणे आणि मागणे यांतला फरकही लक्षात घ्यावा. ज्याने येत्या दिवसाचे मागणे देवापुढे ठेवले त्याला त्याची चिंता वाहण्याचे कारण उरत नाही, असे सहाव्या अध्यायाचे एकंदर वळण आहे. मात्र हे स्पष्टीकरण शब्दार्थाचे नाही, भावार्थाचे आहे, हे मी मान्य करतो.

अनुलेख

मी भाषांतराचे काम करतो, म्हणून शेवटी मराठीत काय लिहावे यावर थोडे लिहितो.

मत्तय आणि लूक यांच्या वाक्यांत या एका शब्दाखेरीज आणखी दोन भेद आहेत आणि मराठीत ते अगदी सहज दाखवता येतात, तरी त्यांकडे दुर्लक्ष होते. मत्तयात ‘दॉस’ हे एका वेळच्या देण्याचे आज्ञार्थी रूप आणि त्याबरोबर ‘सेमेरॉन’, म्हणजे ‘आज’, आहे. लूकात ‘दिदू’ हे चालू राहणाऱ्या क्रियेचे आज्ञार्थी रूप आणि त्याबरोबर ‘दिवसामागून दिवस’ अशा अर्थाचा ‘काथ हेमेरान’ हा वाक्प्रयोग आहे. तो लूकाचा आवडता आहे; आपला वधस्तंभ दररोज उचलून घेण्याची अट (लूक ९:२३) त्यानेच असे म्हणून घातली आहे. मराठीत पहिल्यासाठी ‘दे’ आणि दुसऱ्यासाठी ‘देत जा’ असा तयार भेद आहे. इंग्रजीला त्यासाठी शब्द वाढवावे लागतात, आपल्याला क्रियापदाचे रूप पुरते.

लूकाचे वाक्य ‘रोजची’ या अर्थाविरुद्ध आणखी एक पुरावा देते. तिथे ‘दररोज’ आधीच म्हटलेले असताना विशेषणाचाही अर्थ ‘रोजची’ घेतला, तर ‘आमची रोजची भाकर आम्हांला रोज देत जा’ अशी द्विरुक्ती होते. द्विरुक्ती अशक्य नसते, परंतु लूकासारख्या नेटक्या ग्रीक लिहिणाऱ्याकडून ती अनपेक्षित आहे. ‘येत्या दिवसाची भाकर आम्हांला दररोज देत जा’ हे वाक्य मात्र नीट उभे राहते.

‘सत्त्वापलीकडची’ किंवा तत्सम शब्द मी मराठी पाठात कधीही घालणार नाही. प्रभुभोजनाशी या मागणीचा संबंध जोडणारी परंपरा प्राचीन आणि आदरणीय आहे. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २८३७ क्रमांकाच्या परिच्छेदात हा अर्थ कालवाचक आणि गुणवाचक अर्थांच्या शेजारीच मांडलेला आहे. पण त्याची जागा भाष्यात आहे. भाषांतरात तो घातला, तर भुकेल्या माणसाच्या तोंडची मागणी तत्त्वज्ञाच्या तोंडी जाते. पेशित्ताचा ‘आमच्या गरजेची’ हा अर्थ मला पूर्वी सर्वांत सोयीचा वाटत असे, आणि नीतिसूत्रे ३०:८ मधील ‘मला गरिबी नको, श्रीमंतीही नको, लागेल तेवढे अन्न दे’ या आशयाच्या प्रार्थनेशी तो चांगला जुळतोही. तरी तो ‘ऊसिआ’च्या मार्गाने येतो आणि इकाराची अडचण त्यालाही लागू पडते.

प्रार्थनेचा पाठ म्हणून रुळलेल्या वाक्यात आता बदल करू नये, असे माझे मत आहे. पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत असलेले शब्द व्याकरणाच्या एका मुद्द्यासाठी हलवले, तर लोक जुनेच म्हणत राहतील. जेरोमचा अनुभव वर आलाच आहे. अभ्यासासाठीच्या आवृत्तीत मात्र मी मत्तयाखाली ‘अथवा : येत्या दिवसाची’ एवढी तळटीप देईन, लूकात ‘देत जा’ हे रूप मूळ पाठातच घेईन आणि ‘एपिऊसिओस’ हा शब्द या प्रार्थनेबाहेर स्वतंत्रपणे कुठेही आढळत नाही हे दोन्ही ठिकाणी नोंदवीन.